बीटल्सनंतरचे चौघे: सोलो कामाची तुलना नेमकी कशी करायची

प्रश्न असा: बीटल्स हा ब्रिटिश बँड १९७० मध्ये फुटल्यावर जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांनी आपापलं जे संगीत केलं, त्यात सरस कोण? आणि हे फक्त आवडीनिवडीवर सोडायचं, की ठरवायची काही रीत आहे?

रीत आहे. माझं मत आधी सांगतो. पूर्ण कारकीर्द तोलली तर पॉलला तोड नाही. एकच अल्बम निवडायचा झाला, तर जॉनचा १९७० सालचा 'जॉन लेनन/प्लास्टिक ओनो बँड'. पण या दोन वाक्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. चौघांचे चांगले आणि पडेल अल्बम शेजारी ठेवून ऐकले की एक धागा हाताला लागतो: बँड सुटल्यावर ज्याच्यापाशी कात्री लावणारं माणूस होतं, किंवा परिस्थितीनेच ज्याच्यावर कात्री चालवली, त्याचं काम उभं राहिलं. बीटल्समध्ये ही कात्री फुकट मिळत होती. पॉलने गोड ओळ आणली की जॉन तोंड वाकडं करायचा, जॉनचं गाणं अर्धवट असलं की पॉल मधला भाग जोडून द्यायचा, आणि दोघांच्या वर निर्माता जॉर्ज मार्टिन होता. १९७० नंतर प्रत्येकाला हे माणूस बाहेरून शोधावं लागलं.

तुलनेत लोक सर्वांत आधी चुकतात ते आकड्यांपाशी. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेली सिंगल्स (सुटी विकली जाणारी गाणी) मोजली तर पॉलची ९ होतात (विंग्ज या त्याच्या बँडची आणि स्टीव्ही वंडर, मायकल जॅक्सन यांच्याबरोबरची धरून), जॉर्जची ३, जॉनची २ आणि रिंगोचीही २. म्हणजे या हिशोबाने जॉन आणि रिंगो बरोबरीत! शिवाय जॉनच्या त्या दोनांत 'इमॅजिन' नाही. ते गाणं अमेरिकेत १९७१ मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंतच गेलं. ब्रिटनमध्ये तर ते सिंगल म्हणून १९७५ पर्यंत निघालंच नव्हतं, आणि तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचलं ते जॉनच्या हत्येनंतर, जानेवारी १९८१ मध्ये. जॉनचं अमेरिकेतलं पहिलं अव्वल सिंगल होतं 'व्हॉटेव्हर गेट्स यू थ्रू द नाइट', १९७४ चं, एल्टन जॉनच्या साथीने केलेलं. ते आज किती जणांना गुणगुणता येईल? यादी त्या आठवड्याची विक्री आणि रेडिओवरचं वाजणं सांगते. गाण्याचं आयुष्य तिच्यात उतरत नाही.

दुसरी चूक काळाची. पॉल आजही गाणी करतो आहे. जॉन ८ डिसेंबर १९८० रोजी गेला, आणि त्याआधीची पाच वर्षं, मुलगा शॉनच्या जन्मापासून, तो स्टुडिओपासून लांबच होता. जॉर्ज २९ नोव्हेंबर २००१ रोजी गेला. पन्नास वर्षांचं काम आणि जेमतेम सहा-सात वर्षांचं काम एका तराजूत टाकलं की जड पारडं कुठलं हे आधीच ठरलेलं असतं. म्हणून मी दोन वेगळे तराजू वापरतो. पहिला १९७० ते १९७५ या सहा वर्षांचा. तेव्हा चौघेही कामात होते, चौघांकडे तेवढंच नाव होतं, आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा जुना करार चौघांनाही लागू होता. दुसरा तराजू नंतरच्या सगळ्या कामाचा, आणि त्यात 'कोण जास्त' यापेक्षा 'कोण किती वेळा पुन्हा उभं राहिलं' हे पाहायचं.

पहिल्या तराजूत अमेरिकेतले अव्वल अल्बम पाहा: पॉलचे ४ ('मॅकार्टनी', 'रेड रोझ स्पीडवे', 'बँड ऑन द रन', 'व्हीनस अँड मार्स'), जॉर्जचे २ ('ऑल थिंग्ज मस्ट पास', 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड'), जॉनचे २ ('इमॅजिन', 'वॉल्स अँड ब्रिजेस'). रिंगोचा 'रिंगो' दुसऱ्या क्रमांकावर थांबला. सिंगल्समध्ये मात्र याच काळात पॉल ४, जॉर्ज २, रिंगो २, जॉन १. तेव्हाच्या रेडिओ ऐकणाऱ्याला रिंगो हा जॉनपेक्षा मोठा हिटवाला वाटला असेल तर त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

आता तिसरी चूक, आणि ही जाणकारही करतात: जुना साठा आणि नवं काम यांची सरमिसळ. जॉर्ज, जॉन आणि पॉल या तिघांच्याही सुरुवातीच्या अल्बममध्ये बीटल्सच्या काळातला माल आहे, पण त्याचं प्रमाण फार वेगळं आहे. जॉर्जला बीटल्सच्या साध्या अल्बमवर एखाद-दुसरं गाणं मिळायचं, क्वचित तीन. त्यामुळे त्याच्याकडे वर्षानुवर्षं गाणी तुंबत गेली. 'इझंट इट अ पिटी' आणि 'आर्ट ऑफ डाइंग' ही १९६६ च्या सुमाराची आहेत. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे शीर्षकगीत तर जानेवारी १९६९ च्या बीटल्सच्या तालमींत चौघांनी वाजवून पाहिलं होतं, ते तिथेच राहिलं. जॉनचं 'जेलस गाय' हे १९६८ च्या 'चाइल्ड ऑफ नेचर' या गाण्याची चाल ठेवून शब्द बदललेलं रूप. पॉलचं 'जंक' १९६८ चं, 'टेडी बॉय' १९६९ च्या तालमींत वाजवलेलं. म्हणून कुणाच्याही पहिल्या अल्बमवरून त्याच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधू नये. जॉर्जच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्याचा खरा सोलो हिशोब १९७३ च्या 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड' पासून धरावा, कारण तिथून त्याला नव्याने लिहिणं भाग होतं.

तरीही २७ नोव्हेंबर १९७० ला आलेला 'ऑल थिंग्ज मस्ट पास' बाजूला ठेवता येत नाही. तीन तबकड्या, २३ ट्रॅक. पहिल्या दोन तबकड्यांवर १८ गाणी, तिसरी 'ॲपल जॅम' नावाची, बहुतांशी स्टुडिओत मोकळेपणाने वाजवलेल्या जॅमची. सहनिर्माता फिल स्पेक्टर. त्याची पद्धत अशी की एकाच खोलीत दोन-तीन ॲकॉस्टिक गिटार, दोन पियानो, कधी दोन ड्रमसेट एकदम वाजवायचे आणि त्यावर रिव्हर्ब (आवाज घुमवण्याचा परिणाम) ओतायचा. बॅडफिंगर बँडची मंडळी गिटारचे ठोके देत होती, एरिक क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, क्लाउस फूरमन, जिम गॉर्डन, ॲलन व्हाइट, रिंगो अशी फौज होती. याचा फायदा 'वॉट इज लाइफ'मध्ये दिसतो, गाणं भिंतीसारखं अंगावर येतं. तोटा 'अवेटिंग ऑन यू ऑल'सारख्या ठिकाणी: शब्द आणि बेस एकमेकांत मुरून जातात. पुढे खुद्द जॉर्जलाही तो रिव्हर्ब जास्त वाटू लागला होता. २०२१ मध्ये आलेल्या नव्या मिक्समध्ये रिव्हर्ब बराच कमी केलेला आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तो मिक्स घ्यावा, मग जुन्याकडे जावं. त्या काळाचा आवाज कळायला जुना लागतोच. आणि कात्रीबद्दल म्हणायचं तर तिसरी तबकडी कुणीतरी काढायला सांगायला हवी होती. पहिल्या दोनच निघाल्या असत्या तर या अल्बममध्ये ढिली जागा शोधावी लागली असती.

'माय स्वीट लॉर्ड' जरा जवळून पाहू, कारण जॉर्जच्या पुढच्या काळावर त्याची सावली आहे. गाणं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. माजी बीटलचं असं हे पहिलंच. सुरुवातीला गिटारच्या दोनच कॉर्ड्सची ये-जा, वाजवायचं असेल तर गिटारच्या दुसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारी चिमटी) लावून ई मायनर आणि ए धरा. त्यावर दोन स्लाइड गिटारींची (तारांवर नळी घसरवून वाजवलेल्या) जोडओळ येते. मध्यावर गाणं एक पूर्ण स्वर वर चढतं आणि मागचा कोरस 'हालेलुया'वरून 'हरे कृष्ण'वर कधी गेला हे लक्षातही येत नाही. बांधणी उत्तमच आहे. अडचण चालीची होती. शिफॉन्स या गायिकांच्या गटाचं १९६३ चं 'ही इज सो फाइन' हे गाणं, लेखक रॉनी मॅक. खटल्यात दोन्ही गाणी तुकड्यांत मोडून दाखवली गेली. पहिला तुकडा आपल्या सरगमीत प-ग-रे, तो चार वेळा. दुसरा तुकडा प-ध-सा-ध-सा, जुन्या गाण्यात चार वेळा, जॉर्जच्या गाण्यात तीन वेळा आणि चौथ्याच्या जागी तेवढ्याच लांबीची जोडओळ. वर दुसऱ्या तुकड्याच्या पुनरावृत्तीत एका ठिकाणी येणारा कणस्वर, म्हणजे प-ध-सा-ध-रे-सा, तोही दोन्हीकडे त्याच जागी. प-ग-रे हे तीन स्वर कुणाच्याही चालीत सापडतील. पण दोन तुकडे, त्यांचा क्रम, आवर्तनांची संख्या आणि तो एक कणस्वर असं सगळं जुळलं की योगायोगाचा बचाव टिकत नाही. १९७६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो नकळत झालेल्या नकलेचा, मुद्दाम केलेल्या चोरीचा नव्हे. मधल्या काळात जॉर्जचा जुना व्यवस्थापक ॲलन क्लाइन याने त्या जुन्या गाण्याचे हक्कच विकत घेतले. म्हणून १९८१ मध्ये न्यायालयाने भरपाई त्याने मोजलेल्या ५,८७,००० डॉलरपुरती बांधून दिली. कात्री लावणारं माणूस नसण्याची याहून महागडी किंमत चौघांपैकी कुणी मोजलेली नाही. इतके वादक खोलीत होते, आणि ही चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते असं वेळेवर कुणी ठामपणे म्हटलं नाही.

जॉर्जचं स्लाइड वाजवणं मात्र पूर्णपणे त्याचं स्वतःचं. बीटल्सच्या बहुतेक काळात तो स्लाइड वाजवत नव्हता. १९६९ च्या शेवटी डेलेनी अँड बॉनी या गायक जोडीच्या दौऱ्यात तो त्याकडे वळला. त्याआधी रविशंकरांकडे सतारीचे धडे घेतलेले होते, आणि ते कानाला कळतं: ब्लूजवाले स्लाइड घसरवत स्वराच्या आसपास खेळवतात, जॉर्ज मींडेसारखा नेमक्या स्वरावर येऊन थांबतो. १९७१ च्या 'इमॅजिन' अल्बमवर 'हाऊ डू यू स्लीप?'मधली स्लाइड त्याचीच. शेवटच्या 'ब्रेनवॉश्ड' (२००२) या मरणोत्तर अल्बममधलं 'मारवा ब्लूज' हे वाद्यगीत या कामाचा उत्तम नमुना, त्याला ग्रॅमीही मिळालं. नावात मारवा आहे म्हणून रागाचा विस्तार शोधू नये. मींडेसाठी ऐकावं.

१ ऑगस्ट १९७१ चा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला बांगलादेशसाठीचा कार्यक्रमही जॉर्जच्याच खात्यावर. एका दिवसात दोन प्रयोग, रविशंकर, अली अकबर खाँ, अल्ला रखा, बॉब डिलन, रिंगो. रॉकमधल्या मदतनिधीच्या मोठ्या कार्यक्रमांचा साचा तिथे पडला. पण १९७४ च्या उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यात त्याचा घसा बसलेला होता, 'डार्क हॉर्स' अल्बमवरही ते ऐकू येतं. शिवाय लोकांना हवी असलेली बीटल्सची गाणी त्याने मोजकीच ठेवली. टीका झाली, आणि तो पुन्हा दौऱ्यावर निघाला तो थेट १९९१ मध्ये, फक्त जपानला, क्लॅप्टनच्या बँडबरोबर. दोन दौऱ्यांमधलं त्याचं खरं पुनरागमन १९८७ चं 'क्लाउड नाइन'. इथे कात्री सहनिर्माता जेफ लिनच्या हातात होती: कोरडे ड्रम, छोटी गाणी, पसारा नाही. 'गॉट माय माइंड सेट ऑन यू' १९८८ च्या जानेवारीत अमेरिकेत पहिलं आलं. त्यातूनच पुढे लिन, डिलन, टॉम पेटी आणि रॉय ऑर्बिसन यांच्याबरोबरचा ट्रॅव्हलिंग विल्बरीज हा बँड निघाला. जॉर्ज एकटा असताना जपून असायचा, चौघा-पाच जणांत खुलायचा. माझ्या मते तो स्वभावाने शेवटपर्यंत बँडमधलाच वादक राहिला.

जॉनकडे येऊ. 'प्लास्टिक ओनो बँड' डिसेंबर १९७० मध्ये आला, 'ऑल थिंग्ज मस्ट पास'नंतर दोनच आठवड्यांनी. सहनिर्माता म्हणून नाव त्याच फिल स्पेक्टरचं, पण आवाज अगदी उलट टोकाचा. बहुतेक गाण्यांत तीनच माणसं: जॉन गिटार किंवा पियानोवर, बीटल्सच्या सुरुवातीच्या हॅम्बर्गमधल्या दिवसांपासूनचा मित्र क्लाउस फूरमन बेसवर, रिंगो ड्रम्सवर. 'गॉड'वर पियानो बिली प्रेस्टनचा, 'लव्ह'वर स्पेक्टरचा. मानसशास्त्रज्ञ आर्थर जॅनॉव्ह यांच्या उपचारातून जॉन नुकताच आलेला होता, आणि गाणी त्या कच्च्या अवस्थेतली आहेत. 'मदर'ची सुरुवात संथ केलेल्या घंटेच्या टोल्यांनी होते, मग थेट आवाज आणि पियानो. इथे रिंगोचं वाजवणं कान देऊन ऐका. एकसारखा सरळ ठेका, मधल्या जागा भरणारे जादा ठोके जवळजवळ नाहीतच. जॉन शेवटी किंचाळत असतो आणि खाली ड्रम तसूभर हलत नाहीत. वादकांनी आपणहून हात आखडता घेणं हीच इथली कात्री. जॉनच्या आवाजावरचा तो छोटा, लगेच परतणारा प्रतिध्वनीही लक्षात घ्या. १९५० च्या दशकातल्या रॉक अँड रोल तबकड्यांवरचीच ही युक्ती, त्याला स्वतःचा उघडा आवाज आवडत नसे.

त्याआधीचं 'इन्स्टंट कर्मा!' जॉनच्या कामाची गती दाखवतं. २७ जानेवारी १९७० ला रेकॉर्ड झालं आणि ब्रिटनमध्ये ६ फेब्रुवारीला दुकानात होतं. ती गतीच पुढे त्याच्यावर उलटली. १९७२ च्या 'सम टाइम इन न्यूयॉर्क सिटी'मध्ये त्याने वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर गाणी केली. विषय तळमळीचे, पण गाणी पिकायच्या आधीच तोडलेली, आणि त्याला थांब म्हणणारं आसपास कुणी नव्हतं. 'इमॅजिन'मध्ये तसं झालं नाही. पियानो जॉनचा, बेस फूरमन, ड्रम्स ॲलन व्हाइट, तंतुवाद्यं न्यूयॉर्कमध्ये नंतर चढवलेली पण मागे ठेवलेली. गोड चालीत कडू शब्द घालणं हे काम बीटल्समध्ये तो आणि पॉल मिळून करायचे. इथे त्याने ते एकट्याने साधलं. गाण्याच्या श्रेयात त्याची पत्नी योको ओनो यांचं नाव पुढे २०१७ मध्ये आलं. रंगमंचावर मात्र जॉन जवळजवळ दिसलाच नाही. त्याचे पूर्ण लांबीचे सोलो कार्यक्रम म्हणजे ३० ऑगस्ट १९७२ चे मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधले दोन प्रयोग. नोव्हेंबर १९८० चा 'डबल फँटसी' सात गाणी त्याची, सात योकोंची, आलटून पालटून. फक्त जॉनची गाणी निवडून ऐकायची सवय अनेकांना आहे, ती सोडावी. तो अल्बम दोघांचा संवाद म्हणून रचलेला आहे, आणि योकोंच्या 'किस किस किस'नंतर पुढचं गाणं वेगळं ऐकू येतं.

पॉलबद्दल सर्वांत जास्त लिहायला हवं, कारण त्याच्याबाबतचे गैरसमजही सर्वांत जास्त. १७ एप्रिल १९७० चा 'मॅकार्टनी' हा घरात बसवलेल्या चार ट्रॅकच्या स्टुडर यंत्रावर सुरू झाला. मधे मिक्सर नाही, माइक थेट यंत्राला जोडलेला, पातळी दाखवणारा काटा नाही. आवाज फाटतो का ते कानानेच ठरवायचं. सगळी वाद्यं त्याची, पत्नी लिंडाचा आवाज मागे. तेव्हा लोकांना ते अर्धवट वाटलं. काही तुकडे खरंच अर्धवट आहेत. पण 'मेबी आय ॲम अमेझ्ड' आणि 'एव्हरी नाइट' ॲबी रोडवरच्या स्टुडिओत नीट रेकॉर्ड झाली, आणि पहिल्या गाण्यातली पियानो, बेस, ड्रम्स, गिटार ही सगळी एकाच माणसाची आहेत हे ठाऊक असून खरं वाटत नाही. १९७१ च्या 'रॅम'ची समीक्षकांनी तेव्हा धूळधाण उडवली होती. आज तोच अल्बम घरगुती धाटणीच्या पॉपचा मूळपुरुष मानला जातो. मला तो 'बँड ऑन द रन'इतकाच मोलाचा वाटतो.

पण कात्रीचं तत्त्व पॉलइतकं स्वच्छ कुणाच्याच बाबतीत दिसत नाही. १९७३ मध्ये 'बँड ऑन द रन'च्या रेकॉर्डिंगसाठी विंग्ज नायजेरियातल्या लागोसला निघण्याच्या तोंडावर गिटारवादक हेन्री मॅककलॉ आणि ड्रमर डेनी सायवेल दोघे बँड सोडून गेले. उरले पॉल, लिंडा आणि गिटारवादक डेनी लेन. लागोसमधला ईएमआयचा स्टुडिओ अपुऱ्या सामानाचा. तिथे रस्त्यात चाकूच्या धाकाने लूट झाली आणि गाण्यांच्या कच्च्या टेप गेल्या, म्हणून गाणी आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली. आठवणीत टिकलं तेच उरलं, ही चाळणी कुठल्याही निर्मात्यापेक्षा कठोर असते. ड्रम्स पॉलनेच वाजवले, त्यामुळे ठेका साधा आणि पुढे ढकलणारा. शीर्षकगीतात तीन गाणी एकामागोमाग जोडलेली आहेत: संथ सुरुवात, मग गडद फंकी तुकडा, मग वाद्यवृंदाचा झोत आणि उघड्या ॲकॉस्टिक गिटारवर धावणारा शेवट. तंतुवाद्यं लंडनला परतल्यावर टोनी विस्कॉन्टीने रचली. जोडाच्या जागा पाहा: प्रत्येक ठिकाणी लय बदलते, पण बदल गाण्यात घडल्यासारखा वाटतो, टेप कापल्यासारखा नाही. हे कौशल्य बीटल्सच्या 'ॲबी रोड' अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर कमावलेलं.

उलट, वेळ, पैसा आणि होयबा सगळं हाताशी असलं की पॉल सैल पडतो. १९७९ चं 'बॅक टू द एग' आणि १९८६ चं 'प्रेस टू प्ले' ही उदाहरणं. मधे १९८२ चं 'टग ऑफ वॉर' भक्कम आहे, कारण तिथे जॉर्ज मार्टिन परत आला होता. २००५ च्या 'केऑस अँड क्रिएशन इन द बॅकयार्ड'मध्ये निर्माता नायजेल गॉड्रिचने त्याला काही गाणी तोंडावर नाकारली आणि नेहमीच्या बँडऐवजी बहुतेक वाद्यं स्वतः वाजवायला लावली. तो त्याचा उत्तरायुष्यातला सर्वांत चांगला अल्बम आहे, आणि नेमका म्हणूनच आहे. विक्रीच्या बाबतीत १९७७ चं 'मल ऑफ किंटायर' ब्रिटनमध्ये २० लाखांवर विकलं गेलेलं पहिलं सिंगल, नऊ आठवडे अव्वल. दौऱ्यांच्या बाबतीत १९७२ मध्ये विद्यापीठांत न कळवता जाऊन वाजवण्यापासून सुरुवात करून तो १९९० मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमपर्यंत गेला. बीटल्सची गाणी त्याने सुरुवातीला हट्टाने टाळली, १९७५-७६ च्या दौऱ्यात फक्त पाच घेतली. जॉर्जसारखाच हट्ट, पण पॉलने तोवर लोकांना विंग्जची स्वतःची गाणी पाठ करून दिलेली होती. म्हणून एकाचा दौरा चालला आणि दुसऱ्याचा अडखळला.

रिंगोला तुलनेतून वगळण्याची पद्धत आहे, ती चुकीची. तो फारसा गीतकार नाही, आवाजाची उंची मर्यादित, हे त्यालाच सर्वांत आधी ठाऊक होतं. १९७० मध्ये त्याने जुन्या गाण्यांचा अल्बम केला आणि त्याच वर्षी नॅशव्हिलला जाऊन पीट ड्रेकच्या निर्मितीत कंट्री अल्बम, जिथे गाणी, वादक सगळं तिथलं. १९७३ च्या 'रिंगो'मध्ये निर्माता रिचर्ड पेरीने प्रत्येक गाणं त्याच्या गळ्याच्या टप्प्यात बसवलं. चौघेही माजी बीटल या एका अल्बमवर आहेत, एकाच गाण्यावर नाहीत. 'आय ॲम द ग्रेटेस्ट' जॉनचं, त्यावर जॉन, जॉर्ज, रिंगो तिघे. 'सिक्स ओ'क्लॉक' पॉलचं, लंडनमध्ये केलेलं. 'फोटोग्राफ' रिंगो आणि जॉर्जचं. मित्रांची गाणी आटली तसा १९७७ चा 'रिंगो द फोर्थ' सपशेल पडला. १९८९ पासून त्याने ऑल-स्टार बँडची युक्ती काढली: दर दौऱ्याला इतर बँडमधली नावाजलेली मंडळी घ्यायची, प्रत्येकाने आपलं गाजलेलं गाणं गायचं, उरलेल्या वेळात रिंगोने. दोन तासांचा भार एका गळ्यावर येत नाही. तीन दशकं उलटून गेली, ती व्यवस्था चालू आहे.

ज्याला हे सगळं स्वतःच्या कानाने पडताळायचं आहे त्याने एक प्रयोग करावा. १९७० च्या सुमारास रेकॉर्ड झालेल्या चौघांच्या गाण्यांतून एक तबकडी रचा, दर बाजूला वीस-एकवीस मिनिटं. पहिली बाजू: 'इन्स्टंट कर्मा!' (३:२०), 'एव्हरी नाइट' (२:३०), 'माय स्वीट लॉर्ड' (४:४०), 'मदर' (५:३५), 'मेबी आय ॲम अमेझ्ड' (३:५०). दुसरी: 'वॉट इज लाइफ' (४:२०), 'लव्ह' (३:२०), 'जंक' (१:५५), 'इट डोंट कम ईझी' (३:००), 'बिवेअर ऑफ डार्कनेस' (३:५०), 'गॉड' (४:१०). सगळ्यांचा आवाज आधी सारख्या पातळीवर आणा, नाहीतर स्पेक्टरची गाणी उगीच मोठी वाटतात आणि घरी केलेलं 'जंक' उगीच दुबळं. मग दोन गोष्टी ऐकू येतील. 'माय स्वीट लॉर्ड'च्या भरगच्च खोलीतून 'मदर'च्या रिकाम्या खोलीत जाताना अल्बम तिथेच दुभंगतो, ही दोन गाणी एका बँडची वाटतच नाहीत. आणि मोजलंत तर जॉर्जची तीन गाणी झालेली असतात, जॉनची चार, पॉलची तीन, रिंगोचं एक. सात मिनिटांच्या 'इझंट इट अ पिटी'ला जागा करायची तर पॉल किंवा जॉनची दोन गाणी काढावी लागतात. १९६६ पासून ते गाणं बाहेर राहिलं त्यामागे हेही एक कारण असावं.